अभ्यासिकेचं वाय-फाय नीट कसं लावावं: खोक्यावरच्या शब्दांपासून माणसागणिक पासवर्डापर्यंत

आमच्या तालुक्याच्या गावात ४० खुर्च्यांची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली सकाळी सहाला येतात, रात्री अकराला जातात. तिथलं वाय-फाय मी दोनदा लावलं. पहिल्यांदा चुकलं, कारण मी दुकानात ‘८०२.१एक्स असलेला राउटर द्या’ म्हणाले, दुकानदारांनी ‘आहे की’ म्हणत खोकं पुढे केलं, आणि घरी येऊन पाहिलं तर खोक्यावर ‘८०२.११एएक्स’ छापलेलं. दोन्ही नावं कागदावर इतकी सारखी दिसतात की त्यांनाही वेगळं काही वाटलं नाही. पण पहिलं आहे आत कोणाला सोडायचं ते ठरवण्याची पद्धत, आणि दुसरं आहे हवेतून माहिती किती वेगानं न्यायची त्याचं मानक. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. परत जाऊन बदलून आणण्यात आठवडा गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अभ्यासिका, क्लास, दवाखाना, छोटं ऑफिस, जिथे घरच्यापेक्षा जास्त माणसं एकच नेट वापरतात, तिथे हे जसंच्या तसं लागू पडेल.

१. आधी शब्द तीन खणांत टाका

राउटरच्या खोक्यावर दहा-बारा नावं असतात. गोंधळ होतो तो ती सगळी एकाच गोष्टीबद्दल आहेत असं वाटल्यामुळे. कपाटाचे तीन खण डोळ्यांपुढे आणा.

पहिला खण रस्त्याचा: माहिती हवेतून कशी आणि किती वेगानं जाते. ‘८०२.११’ने सुरू होणारं जवळपास सगळं, आणि ‘वाय-फाय ४, ५, ६, ७’ हे आकडे या खणात.

दुसरा खण कुलपाचा: हवेतली माहिती कोणी मधेच वाचू नये म्हणून. डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ इथे.

तिसरा खण दाराचा: कोण आलं, त्याला आत घ्यायचं का. ८०२.१एक्स, ईएपी, रेडियस, ‘एंटरप्राइझ’ हे शब्द इथले.

दुकानात एखादा शब्द कानावर पडला की पहिल्यांदा स्वतःला विचारा, हा रस्ता, कुलूप की दार? वाय-फाय ६ घेतला म्हणून कुलूप आपोआप भक्कम लागलेलं नसतं. त्याच राउटरवर जुनं, कच्चं कुलूपही ठेवता येतं, आणि मी पहिल्यांदा तेच ठेवलं होतं.

२. हाताशी काय हवं

- नेट देणाऱ्या कंपनीनं दिलेला कागद: त्यावर युजरनेम-पासवर्ड असतो. नसला तर काम सुरू करण्याआधी फोन करून मागून घ्या. राउटर रिसेट झाल्यावर हाच कागद लागतो.
- राउटरच्या पोटाखालच्या लेबलाचा फोटो. राउटर भिंतीवर चढवल्यावर ते वाचता येत नाही.
- दोन-तीन मीटरची लॅन केबल आणि एक लॅपटॉप. सेटिंग वाय-फायवरून बदलू नका. नाव किंवा पासवर्ड बदलला की तुम्हीच बाहेर फेकले जाता.
- अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं मोफत ॲप.
- रिसेटच्या भोकात घालायला सरळ केलेली कागदाची पिन.
- एक वही. सगळे पासवर्ड, तारखा, कोणतं बटण बंद केलं, सगळं तिच्यात. ही वही कुलपात.

नेटचा प्लॅन घरगुती असेल तर तो इतक्या जणांत वाटायला कंपनीची परवानगी आहे का, तेही याच वेळी विचारून घ्या. चहाच्या टपरीसारखं येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही नेट द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना पाहा. त्यात छोट्या दुकानदाराला वेगळा परवाना किंवा नोंदणी लागत नाही.

३. रस्ता: कोणतं मानक, कोणता पट्टा, राउटर कुठे

८०२.११ हे मानक १९९७ साली आलं तेव्हा वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. मग १९९९ ला ‘बी’ आणि ‘ए’, २००३ ला ‘जी’, २००९ ला ‘एन’, २०१३ ला ‘एसी’, २०२१ ला ‘एएक्स’. या अक्षरांना कोणी वैतागणारच, म्हणून वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेनं २०१८ मध्ये साधे आकडे दिले: एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. त्यानंतरचं ‘बीई’ म्हणजे ७. तुमच्याकडे एका वेळी २०-३० फोन लागणार असतील तर ६ घ्या. कारण निव्वळ वेग नाही. हवेत एका वाहिनीवर (चॅनेलवर) एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. वाय-फाय ६ मध्ये एकाच फेरीत अनेकांना थोडं-थोडं वाटून देता येतं, त्यामुळे गर्दीत फरक दिसतो. ‘६ई’ लिहिलेला घेणार असाल तर त्या मॉडेलचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा (रेडिओ लहरींचा बँड) भारतात चालू मिळतो का आणि तुमच्या फोनना तो कळतो का, ते विचारल्याशिवाय जादा पैसे देऊ नका.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंती ओलांडतो, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी असते, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात कामाला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीला अडतो. आमची इमारत जुनी, दीड फुटी दगडी भिंतींची. पहिल्या खोलीत ॲपवर सिग्नलचा जोर उणे ४५ डीबीएम दिसत होता, दारातून आतल्या खोलीत पाऊल टाकलं की उणे ७८. हा आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ व्याख्यान नीट चालतं, उणे ८० च्या आसपास फक्त काड्या दिसतात, चालत काही नाही.

अशा वेळी स्वस्तातला रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर ऐकलेलंच त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. भिंतीला भोक पाडून लॅन केबल न्या आणि आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलनं आलेलं नेट वाय-फायनं पसरवणारा डबा, बसवा. गवंड्याला दिलेले पैसे वसूल होतात.

वाहिनी निवडताना २.४ मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. या तिघी एकमेकींवर चढत नाहीत. ‘३ रिकामी दिसते’ म्हणून ३ घेतली तर १ आणि ६ या दोन्हींचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. दोन ॲक्सेस पॉइंट असतील तर एकाला १, दुसऱ्याला ११.

४. राउटरचाच पासवर्ड आधी बदला

केबल लावून ब्राउझरमध्ये लेबलवरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आत गेल्यावर पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड बदलणं, दुसरं फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्राम) अपडेट, तिसरं ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय, बंद. वाय-फायचा पासवर्ड आणि ॲडमिनचा पासवर्ड वेगळे असतात. अनेक ठिकाणी वाय-फायचा कडक असतो आणि ॲडमिनला ‘ॲडमिन’च चालतो. मग आत बसलेला कोणीही राउटर आपल्या ताब्यात घेऊ शकतो.

५. नाव ठेवताना

नेटवर्कच्या नावाला एसएसआयडी म्हणतात, आणि त्याला ३२ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीला आणि जोडाक्षरातल्या हलन्तालाही तीन-तीन. ‘अभ्यासिका’ हा शब्द २७ बाइट खातो. ‘अभ्यासिका १’ ३१ मध्ये बसतं. ‘स्पर्धा अभ्यासिका’ बसत नाही, राउटर ते घेत नाही किंवा मधेच तोडतो. मला मराठी नाव हवं होतं म्हणून मी मोजत बसले आणि ‘अभ्यासिका १’ ठेवलंही. फोनवर सुरेख दिसतं, फक्त आमच्या जुन्या प्रिंटरवर चौकोन दिसतात. तुमच्याकडे जुनी यंत्रं असतील तर रोमन नावच बरं.

नाव लपवून ठेवण्याचा पर्याय दिसेल. त्याचा उपयोग नाही. साध्या ॲपलाही लपलेलं नेटवर्क ओळखू येतं, आणि उलट तुमचे फोन जिथे जातील तिथे त्या नावानं हाका मारत फिरतात.

६. कुलूप: इथे घाई करू नका

सिक्युरिटीच्या यादीत पाच-सहा नावं दिसतील. त्यांचा क्रम समजला की निवड सोपी होते.

डब्ल्यूईपी हे १९९७ पासूनचं पहिलं कुलूप. त्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत (तुकड्यासोबत) बदलणारा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. वर्दळ असली की तेच आकडे पुन्हा-पुन्हा येतात. २००१ मध्ये त्यातला मूळ दोष जाहीर झाला आणि २००७ पर्यंत ते मिनिटभरात उघडता येऊ लागलं. डब्ल्यूपीए हे २००३ चं तात्पुरतं ठिगळ, जुन्या यंत्रांवर चालावं म्हणून केलेलं. यादीत ‘टीकेआयपी’ दिसलं तर ते यातलं. या दोन्हींकडे पाहूही नका.

डब्ल्यूपीए२ हे २००४ चं, ‘एईएस’ या पद्धतीवरचं. अजून चालण्याजोगं. पण त्याची एक कमजोरी नीट समजून घ्या. फोन जोडला जाताना राउटरशी चार निरोपांची देवाणघेवाण होते. बाहेर गाडीत बसून ते चार निरोप कोणी टिपले तर तो घरी जाऊन शांतपणे पासवर्ड ओळखत बसू शकतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. म्हणून पासवर्ड अंदाजानं सापडणारा नको. आपल्याकडे सर्रास मालकाचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवतात. दहा अंकी, म्हणून भक्कम वाटतो. पण भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डला हे काही तासांचं काम आहे. आणि मालकाचा नंबर तर दारावरच्या पाटीवरच लिहिलेला असतो.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, देवनागरीत चालत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, मधे आडव्या रेघा: उंबरठा, पाटा, करंजी, शिवार, आणि शेवटी दोन अंक. सांगायला सोपा, ओळखायला अवघड. हेच शब्द मात्र घेऊ नका.

डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं. त्यात फोन आणि राउटरच्या हस्तांदोलनाची, म्हणजे जोडताना ओळख पटवण्याची, पद्धतच बदलली. टिपून नेऊन घरी ओळखत बसणं त्यात जमत नाही, प्रत्येक प्रयत्न राउटरसमोरच करावा लागतो. शिवाय डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याच्याकडे सगळ्यांचा तोच पासवर्ड आहे, तो शेजारच्या खुर्चीवरच्याची माहितीही टिपून उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये तसं होत नाही. बहुतेक फोन नवे असतील तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र पर्याय निवडा, आणि जुने फोन संपले की निव्वळ डब्ल्यूपीए३ करा. मिश्र ठेवल्यावर एखादा जुना फोन किंवा प्रिंटर जोडला जाईनासा झाला तर राउटर बिघडला असं समजू नका. त्या यंत्रासाठी वेगळं, फक्त डब्ल्यूपीए२-एईएस नेटवर्क करा.

उघडं नेटवर्क तर कधीच नको. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. तिथे राहणाऱ्याची चौकशी झाली. नेट कोणाच्या नावावर आहे, तिथपर्यंतच माग लागतो. पुढे कोणी वापरलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. २००९ मध्ये दूरसंचार खात्यानं वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल नेट कंपन्यांना सूचना दिल्या, त्या यानंतरच.

७. दोन सापळे

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून जोडण्याची ही सोय. पिन आठ अंकी असली तरी राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार अंक बरोबर की नाही ते वेगळं सांगतो, आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो. म्हणजे १० कोटींऐवजी १०,००० अधिक १,०००, फक्त ११,००० प्रयत्न. हे २०११ च्या अखेरीस उघड झालं, तरी सोय अजूनही राउटरवर येते. पासवर्ड कितीही चांगला ठेवा, हे खिडकीसारखं उघडं राहतं.

मॅक फिल्टरवर विसंबू नका. प्रत्येक फोनचा ४८ बिटांचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) यादीत घालून बाकीच्यांना अडवायचं, ही कल्पना मलाही आवडली होती. मी ४० पत्ते वहीत उतरवले. पण हा पत्ता हवेत उघडाच जातो, कोणीही नक्कल करू शकतो. आणि आता अँड्रॉइड व आयफोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःहून वेगळा, बनावट पत्ता देतात. त्यामुळे चोर थांबत नाही, आपलीच मुलं बाहेर उभी राहतात.

८. पाहुण्यांना वेगळी खोली

‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा आणि पालक, परीक्षेच्या फॉर्मसाठी आलेली मुलं यांना तेच द्या. त्यात ‘आयसोलेशन’ चालू असलं पाहिजे, म्हणजे एका फोनला दुसरा फोन, प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा डबा दिसत नाही. त्याचा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदला.

९. दार: माणसागणिक चावी

आमचा खरा प्रश्न इथे होता. पासवर्ड फळ्यावर लिहिलेला. जागा सोडून गेलेला मुलगाही समोरच्या कट्ट्यावर बसून नेट वापरायचा. संध्याकाळी सातला ऑनलाइन व्याख्यान सुरू झालं की चित्र अडकायचं आणि आत फी भरून बसलेली मुलगी माझ्याकडे बघायची. पासवर्ड बदलला की ४० जणांचे ४० फोन पुन्हा जोडून द्यायचे, आणि चार दिवसांत नवा पासवर्ड कट्ट्यावर.

यावर उपाय ८०२.१एक्स. त्यात तीन पात्रं असतात. फोन म्हणतो, मला आत यायचंय. ॲक्सेस पॉइंट दारात उभा राहतो, पण ठरवत काहीच नाही. तो फोनचा निरोप मागच्या सर्व्हरकडे नेतो, तो सर्व्हर म्हणजे रेडियस. रेडियस नाव-पासवर्ड तपासून हो किंवा नाही सांगतो, मगच दार उघडतं. फोन आणि रेडियसमधल्या बोलण्याच्या रीतीला ईएपी म्हणतात. विद्यापीठांतलं ‘एज्युरोम’ याच पायावर उभं आहे, म्हणून आपल्या संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या देशातल्या विद्यापीठातही नेट मिळतं. भारतात ते अर्नेट चालवतं.

सिक्युरिटीच्या यादीत हा पर्याय ‘डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ’ किंवा ‘डब्ल्यूपीए३-एंटरप्राइझ’ नावानं दिसेल. नेट कंपनीच्या फुकट राउटरवर बरेचदा नसतो. विकत घेण्याआधी दुकानातच राउटर चालू करून यादीत ‘एंटरप्राइझ’ शब्द डोळ्यांनी पाहा. माझा आठवडा इथेच गेला.

आमचा रेडियस एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बसवला आहे. फ्रीरेडियस हा प्रोग्राम मोफत आहे. क्रम असा:

अ. लॅपटॉपला राउटरमध्ये कायमचा एकच आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) द्या.

आ. ‘क्लायंट्स’ फाइलमध्ये दोन्ही ॲक्सेस पॉइंटचे पत्ते आणि त्यांच्यासाठी एक लांब गुप्त शब्द लिहा. तोच शब्द ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये, पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवेचा क्रमांक) १८१२.

इ. ‘यूजर्स’ फाइलमध्ये प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड तुम्हीच तयार करून चिठ्ठीवर द्या. ‘पीईएपी’ या ईएपीच्या एका प्रकारासाठी तो सर्व्हरवर बऱ्याचदा साधा वाचता येईल असाच ठेवावा लागतो, म्हणून मुलांना त्यांच्या ईमेलचा पासवर्ड इथे टाकू देऊ नका.

ई. सर्व्हरचं प्रमाणपत्र (सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवणारी फाइल) तयार करा आणि ते प्रत्येकाच्या फोनमध्ये बसवा. हे वगळण्याचा मोह होतो. वगळलं तर शेजारी कोणी ‘अभ्यासिका १’ याच नावाचं खोटं वाय-फाय लावलं की फोन त्यालाच जाऊन नाव-पासवर्ड सांगायला लागतो. फोनवर ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय दिसला तरी निवडू नका.

उ. सर्व्हर आधी ‘-X’ जोडून तपासणीच्या रीतीनं चालवा, तिथे वजाच्या चिन्हानंतर इंग्रजी मोठा एक्स. शेवटी ‘रेडी टू प्रोसेस रिक्वेस्ट्स’ दिसलं की एक फोन जोडून बघा. पडद्यावर धडाधड ओळी येतात, चूक कुठे आहे ते त्यांतच लिहिलेलं असतं.

दोन ठिकाणी मी अडखळले. पहिलं, प्रमाणपत्राची मुदत. सोबत आलेल्या नमुना फाइलमध्ये ती ६० दिवसांची होती आणि मी ती तशीच ठेवली. साठ दिवस सगळं छान, आणि एका सकाळी एकही फोन जोडला जाईना. मी राउटर बंद-चालू करत राहिले, शेवटी तपासणीच्या रीतीनं चालवल्यावर ‘सर्टिफिकेट एक्स्पायर्ड’ दिसलं. नवं प्रमाणपत्र चाळीस फोनांत पुन्हा बसवावं लागलं. तुम्ही पहिल्याच दिवशी मुदत काही वर्षांची करा आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरं, एका खात्यावर एकच फोन ही अट. अट लिहिली तरी लागू होईना. कारण कोण सध्या आत आहे हे सर्व्हरला कळायला ‘अकाउंटिंग’ चालू लागतं, त्याचं पोर्ट १८१३. ते ॲक्सेस पॉइंटवर वेगळं चालू करावं लागतं. चालू केल्यावर कट्ट्यावरची गर्दी दोन दिवसांत विरळ झाली.

आणि वीज. दिवे गेले की ॲक्सेस पॉइंट यूपीएसवर चालतो, पण रेडियसच बंद असेल तर नव्यानं कोणी आत येऊ शकत नाही. राउटर, मधला स्विच, दोन्ही ॲक्सेस पॉइंट आणि लॅपटॉप, सगळे एकाच यूपीएसवर हवेत.

१०. नोंद आणि निरोप

सभासदाकडून नाव, मोबाइल नंबर आणि खुर्ची क्रमांक एवढंच घ्या. आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करू नका. त्या सांभाळायची जबाबदारी आपल्याला झेपत नाही, आणि नेट देण्यासाठी त्यांची गरजही नाही. वहीत प्रत्येक नावापुढे खातं उघडल्याची तारीख, आणि जागा सोडताना बंद केल्याची. परवा आमच्याकडची एक मुलगी तलाठी म्हणून रुजू व्हायला निघाली. तिनं पेढे दिले, खुर्चीची अनामत परत घेतली, आणि तिच्यासमोरच मी ‘यूजर्स’ फाइलमधली तिची एक ओळ काढून सर्व्हर पुन्हा सुरू केला. बाकी ३९ जणांच्या फोनना काही कळलंही नाही.